पंजाबरावांचा बत्तीस इंची पडदा

जळगाव जामोदात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी मंगल कार्यालयाची तारीख धरतो आणि मग पंजाबरावांच्या दुकानाची पायरी चढतो. एकतीस वर्षं हा शिरस्ता चालू आहे. बसस्टँडच्या अलीकडे, चहाच्या टपरीला लागून त्यांचा दहा बाय बाराचा गाळा. वर पाटी : 'लग्नपत्रिकेचे माहेरघर'. हा माहेरघर शब्द पंजाबरावांनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता आणि त्याबद्दल त्यांना स्वतःविषयी फार आदर होता.

लग्नपत्रिका काय चीज आहे हे पुण्या-मुंबईकडच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिकडे म्हणे नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव आणि खाली गूगलचा नकाशा एवढ्यात काम आटोपतं. इकडे एका पत्रिकेवर सत्तर-ऐंशी नावं असतात. निमंत्रक, विनीत, मामाकुळ, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक आणि तळाला लेकराबाळांची किलबिल. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही. नाव खाली गेलं तर येतो, पण जेवत नाही, आणि मांडवाच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण जेवलेलो नाही हे सांगत राहतो. शिवाय डावीकडे वरपक्ष, उजवीकडे वधूपक्ष. दोन्हीकडच्या ओळी सारख्या भरल्या पाहिजेत. एकीकडे एक ओळ जास्त झाली तर दुसरीकडचे लोक ती बोट ठेवून मोजतात.

म्हणून पंजाबराव पत्रिका कधी तुकड्या-तुकड्यानं मोठी करून बघत नसत. 'दोन्हीकडची मंडळी एका नजरेत आली पाहिजे' हा त्यांच्या धंद्याचा कायदा. पडद्यावर अख्खी पत्रिका आणि समोर पंजाबराव. कुणाला वर घ्यायचं, कुणाला खाली सरकवायचं, रुसलेल्या काकाला 'मार्गदर्शक' करून कसं गप्प बसवायचं, हे सगळं तिथं ठरायचं. आणि छापून येईपर्यंत त्यातलं एक अक्षर बाहेर फुटायचं नाही. तालुक्यातल्या भल्याभल्या घरांच्या भांडणांवर या माणसानं टाइप करून पडदा टाकला होता.

माशी शिंकली ती डोळ्यांपाशी. दोन-अडीच वर्षांपासून मंडळी एका नजरेत यायची, पण ओळखू यायची नाही. जुना मॉनिटर साडेअठरा इंची. त्यावर ऐंशी नावं म्हणजे मुंग्यांची रांग. कागदावरचं वाचायला चष्मा होताच, आणि तो लावला की हातातला कागद लख्ख दिसायचा. पण पडदा पडतो कागदापेक्षा लांब. चष्मा लावला तरी अंधुक, काढला तरी अंधुक. पंजाबराव अंदाजानं टाइप करायचे. एकतीस वर्षांची बोटं आहेत, ती काय चुकणार, असं ते स्वतःला सांगायचे. आणि खरंच, छापून आलेल्या पत्रिकेत आजवर एक चूक निघाली नव्हती. हा त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

पण त्यांना भीती होती. ती पडद्याची नव्हती, खुर्चीची होती. मुलगा राजकुमार एस.टी.त कंडक्टर, दिवसभर फेऱ्यांवर. सून सुचिता बी.सी.ए. झालेली. ती दुपारी दुकानात यायची, कोपऱ्यातल्या टेबलावर आपला लॅपटॉप उघडून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायची, आणि संध्याकाळी पंजाबरावांनी तयार केलेली पत्रिका खामगावच्या छापखान्याला ई-मेलनं पाठवायची. पंजाबरावांच्या लेखी हे पोस्टमनचं काम. "गेली का?" ते विचारायचे. "गेली, मामाजी," ती म्हणायची. मग ते समाधानानं घरी जायचे. पण डोळ्यांचं बिंग फुटलं की घरची माणसं गोड बोलून म्हणणार, आता तुम्ही आराम करा. आणि आराम म्हणजे काय, ते शेजारच्या टपरीवर रोज दिसत होतं. तिथं नारायणराव बसायचे. सेवानिवृत्त तलाठी. एके काळी त्यांच्या सहीवाचून सातबारा हलत नसे. आता सकाळी नऊपासून दुसऱ्याचा पेपर वाचत आणि दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसत बाकड्यावर बसलेले असत. पंजाबरावांना तसं व्हायचं नव्हतं. बाकी काहीही चालेल, ते बाकडं नको.

एके दिवशी पत्रिकांचे नवे नमुने आणतो असं घरी सांगून ते खामगावला गेले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसले.

डॉक्टर तरुण होते, म्हणून पंजाबरावांचा अर्धा विश्वास तिथंच उडाला. डॉक्टरांनी भिंगं बदलून बदलून पाहिली आणि म्हणाले, "काका, मोतीबिंदू नाही, काही नाही. वय आहे. स्क्रीन हातभर अंतरावर ठेवा, डोळ्यांच्या थोडी खाली. सत्तावीस इंच पुष्कळ झाली, त्याच्यापुढे मान दुखते. आणि त्या अंतराचा एक वेगळा चष्मा देतो. खरं काम त्यानंच होईल."

"अजून एक चष्मा?"

"हो. कम्प्युटरपुरता."

पंजाबरावांनी चष्म्याचा कागद घडी करून खिशात घातला आणि तिथंच विसरून टाकला. चष्मा तोंडावर बसतो. वाचायचा चष्मा सगळ्यांनाच असतो, त्याला कुणी विचारत नाही. पण पत्रिका करताना दुसराच चष्मा लावला की नारायणराव पहिल्या दिवशी विचारणार, आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सगळ्यांना माहीत होणार. मॉनिटरचं तसं नाही. मॉनिटर टेबलावर बसतो. राहता राहिला इंचांचा प्रश्न. डॉक्टर म्हणतात सत्तावीस. म्हणजे ज्याच्या डोळ्यांत दोष आहे त्याचं माप सत्तावीस. मग बत्तीस घेतला तर कोण म्हणेल डोळ्यांसाठी घेतला? लोक म्हणतील, शौकानं घेतला. हा विचार सुचल्यावर पंजाबरावांना रस्त्यातच हसू आलं, आणि डॉक्टरची कीव.

कम्प्युटरच्या दुकानात हरिओम नावाचा गृहस्थ होता, जुन्या ओळखीचा. त्यानं बत्तीसचा मॉनिटर काढून समोर ठेवला. पंजाबरावांनी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजला. मग पुन्हा मोजला.

"हरिओम, हा अठ्ठावीसच्या खाली भरून राह्यला."

"काका, इंच असा नाई मोजत. या खालच्या कोपऱ्यापासून त्या वरच्या कोपऱ्यापर्यंत."

"काऊन? वावर कोनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजते काय? धुऱ्या-धुऱ्यानं, काठाकाठानं मोजते."

"हे वावर नाई ना, काका."

"मोजमाप ते मोजमाप. तिरपं मोजलं तं माहं दुकान बी पंधरा फुटाचं होते."

हरिओमनं कंपनीचा खोका दाखवला, कागद दाखवला, शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकाला साक्षीला घेतलं. पंजाबरावांचं समाधान झालं नाही. उलट त्यांचा निश्चयच पक्का झाला : बत्तीसमध्ये जर चार इंच असे चोरीला जात असतील तर सत्तावीसमध्ये उरतं काय? हरिओमनं वर एक बिनतारी कीबोर्ड भेट दिला तेव्हा कुठं ते शांत झाले आणि खोका घेऊन नांदुऱ्याच्या गाडीत बसले.

दुकानात मॉनिटर लागला त्या दिवशी पुष्पाबाई पूजेला आल्या. पंजाबरावांची बायको तशी कमी बोलणारी, पण तो पडदा पाहून त्यांना राहवलं नाही.

"एवढा टीव्ही दुकानात कायले लागते हो? घरी आनला असता तं मी बी पाह्यला असता."

"टीव्ही नाई तो. धंद्याची वस्तू आहे."

पुष्पाबाईंनी मग धंद्याच्या वस्तूला साजेशी पूजा केली. नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं आणि ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, थेट काचेवर, उजव्या अंगाला. वर बजावलं की पाच दिवस पुसायचं नाही. त्या पाच दिवसांत जेवढ्या पत्रिका झाल्या त्या सगळ्यांत वधूपक्षाचे दोन-चार मामा स्वस्तिकाखाली होते. पंजाबराव ते अंदाजानं बसवत होते. तशी त्यांना अंदाजाची सवय होतीच.

पण खरी गंमत पुढेच होती. पडदा वाढला आणि अक्षरं आकसली. साडेअठरा इंचांवर जी मुंगीएवढी होती ती बत्तीस इंचांवर रव्याच्या कणाएवढी झाली. पंजाबराव पडद्याकडे बघत राहिले. एवढं मोठं आवार, आणि त्यात माणसं अशी. कोपऱ्यातून सुचिता उठली, कुठंकुठं माऊस फिरवला आणि म्हणाली, "मामाजी, याच्यात बारीक ठिपके जास्त असतात, म्हणून सगळं लहान दिसते. सेटिंग वाढवून दिली." अक्षरं फुगली, पत्रिका अख्ख्या पडद्यावर पसरली. पंजाबराव म्हणाले, "मी तेच करणार होतो."

आता अक्षरं मोठी होती, पण टेबल होतं दोन फुटांचं. एवढ्या जवळून वरपक्ष पाहायचा तर मान डावीकडे, वधूपक्ष पाहायचा तर उजवीकडे. दोन दिवसांत मान धरली. आणि इतक्या जवळचं त्यांना अंधुक दिसायचं ते दिसायचंच. मग त्यांच्या लक्षात आलं की खुर्ची मागं घेतली तर बरं दिसतं. हातभर मागं घेतली, थोडं बरं. आणखी हातभर, आणखी बरं. लांबचं त्यांना आधीपासून चांगलंच दिसायचं. बसस्टँडवरच्या गाडीची पाटी ते दुकानातून वाचत. असं करत करत खुर्ची दाराच्या उंबरठ्यावर आली, मांडीवर बिनतारी कीबोर्ड, आणि समोर दहा फूट आत भिंतीला लागून झळकणारी पत्रिका. दोन्हीकडची मंडळी एका नजरेत. पंजाबरावांनी समाधानाचा सुस्कारा टाकला. दोन वर्षांत पडद्यावर इतकं स्वच्छ त्यांनी काही पाहिलं नव्हतं. नीट वाचता येत होतं असं मात्र नाही. दहा फुटांवरून अक्षराचा डौल दिसे, अक्षर दिसेच असं नाही. पण डौल दिसणं ही सुद्धा प्रगतीच होती.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. त्यांची पाठ रस्त्याला होती.

पहिल्या दिवशी टपरीवरून दोघं जण कप घेऊन मागं येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सहा. आठवडी बाजाराच्या दिवशी तर बैलाचं दावं हातात धरून माणसं उभी. पंजाबरावांना आधी बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं? "केवढा आणला हो?" कुणी विचारलं की ते मान न वळवता म्हणायचे, "बत्तीस. तिरपा." नारायणरावांनी तर आपलं बाकडंच सरकवून घेतलं. दुसऱ्याचा पेपर वाचायचं त्यांनी सोडून दिलं. पंजाबरावांच्या पडद्यावर जास्त ताज्या बातम्या होत्या. कुणाच्या पत्रिकेत थोरल्या भावाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं, कुणी साळ्याला वगळलं, हे आता छापून यायच्या आधी बाजारात कळायला लागलं. आसलगावचे एक गृहस्थ तर आपलं नाव सातव्या नंबरावर आहे हे रस्त्यावरूनच वाचून परस्पर लग्नघरी भांडायला गेले. पंजाबरावांना ते मागाहून कळलं आणि वाईट वाटलं. पण खुर्ची पुढं घ्यायची तर दिसायचं नाही, आणि मागं घ्यायची तर रस्ता. त्यांनी वाईट वाटून घेतलं आणि खुर्ची तिथंच ठेवली.

मग सुनगावचे हिंमतराव आले. अपेक्षा नावाच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. खाऊनपिऊन सुखी घर, भाऊबंद भरपूर, म्हणजे नावं एक्क्याऐंशी. दोनच महिन्यांपूर्वी थोरलीची पत्रिका इथंच झाली होती. हिंमतराव मजकुराचं वहीचं पान देऊन बाकावर बसले, सुचिता कोपऱ्यात कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला भरत होती, मागं पंधरा-वीस माणसं आणि नारायणराव. पंजाबरावांनी चष्मा लावून पान वाचायचं, चष्मा कपाळावर सारून टाइप करायचं, असं सुरू केलं.

पत्रिका संपत आली असेल. मागून नारायणराव म्हणाले, "पंजाबराव, हे मामा जुळे आहेत काय?"

"कोनते मामा?"

"मामाकुळात एकच मानूस दोनदा दिसून राह्यला."

पंजाबरावांनी डोळे बारीक केले. त्यांना मामाकुळाचा डौल दिसला. "प्रूफ व्हायचं आहे अजून," ते म्हणाले.

"आनं तारीख? हिंमतराव, लग्न बावीसचं ना? हे तं पंचवीसचं दिसते."

हिंमतराव ताडकन उठले. आता मागच्या गर्दीला काम मिळालं. एक जण म्हणाला, दोन ओळी कोऱ्याच आहेत. दुसरा म्हणाला, नवरदेवाचा आजा वधूपक्षात आला आहे. तिसऱ्यानं तर 'किलबिल'मध्ये गावच्या सरपंचांचं नाव शोधून काढलं. तालुक्यात एरवी कुणी कुणाची पत्रिका नीट वाचत नाही. माणूस आपलं नाव वाचतो आणि दुसऱ्याची जागा. पण फुकटात दुसऱ्याच्या चुका मिळतात म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे घारीचे झाले. पंजाबरावांना प्रत्येक चूक ऐकू येत होती आणि एकही दिसत नव्हती. चष्मा त्यांनी नाकावर घेतला, परत कपाळावर सारला.

"स्क्रीन नवी आहे," ते म्हणाले. "तिचा गुन्हा आहे हा. एकतीस वर्सं झाले, माह्या पत्रिकेत कोनाले चूक सापडली का?"

हे खरं होतं. कुणाला सापडली नव्हती. पण हिंमतरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काल माह्या भावाच्या पोराची पत्रिका गेली इथून. तिच्यात काय काय गेलं असन? फोन लावा छापखान्यात. आत्ता लावा. मले बी ऐकू द्या."

पंजाबरावांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. त्यांना ते हवंच होतं; एकदाची साक्ष होऊन जाऊ दे. छापखान्याचा मालक प्रसेनजित, मोकळ्या मनाचा माणूस, मशीनच्या आवाजावरून ओरडूनच बोलायचा.

"काका, छापून तयार आहे. एकदम बरोब्बर. तुमच्याकडची पत्रिका कव्हा चुकते काय?"

पंजाबरावांनी मान ताठ केली आणि हिंमतरावांकडे पाहिलं.

"मी तं पोट्ट्यांना सांगून ठेवेल आहे," प्रसेनजित उत्साहानं पुढं बोलत होता, "जळगावहून दोन फाईली येतात. पयली काकाची, ते तं उघडाचीच नाई. तासाभरानं वहिनीची येते, ते लावाची. दोन वर्सं झाले, एक बी कम्प्लेंट नाई. का झालं काका, काई बदलायचं आहे काय?"

"नाई," पंजाबराव म्हणाले, आणि फोन बंद केला.

कोपऱ्यातली सुचिताची बोटं थांबली होती. नारायणराव, जे एरवी अशा क्षणासाठी जन्म काढतील, ते उठले आणि लोकांना म्हणाले, "चला बे, काय पाहून राह्यले? चहा थंडा झाला." गर्दी पांगली. हिंमतराव तेवढे उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते, फक्त मुलीचे बाप होते. दोन्ही हात जोडून ते सुचिताला म्हणाले, "सुनबाई, माह्यी बी तेवढी दुसरी फाईल पाठवजा." आणि मग पंजाबरावांचं मन राखायचं म्हणून, "पयली नाई पाठवली तरी चालते."

हिंमतराव गेले. पंजाबरावांना राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. प्रसेनजितवर काढावा तर त्यानं स्तुतीच केली होती. सुनेवर काढावा तर तिनं अब्रू राखली होती. हरिओमवर काढता आला असता, पण तो खामगावला होता.

"दोन वर्सं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो, मामाजी."

"कसं करत होती?"

"तुम्ही मजकूर खिळ्याला अडकवता ना, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवते. तुम्ही घरी गेले की जुळवून पाहते."

"मंग तव्हाच सांगतलं काऊन नाई?"

सुचिता खाली बघत म्हणाली, "सांगतलं असतं तं तुम्ही खुर्ची सोडली असती. आणि खुर्ची सोडून तुम्ही बसले कुठं असते?"

तिनं रस्त्याकडे पाहिलं नाही. पंजाबरावांनी पाहिलं. नारायणराव बाकडं पुन्हा टपरीपाशी सरकवत होते. दोन वर्षं ज्या गोष्टीपासून ते जिवाच्या आकांतानं पळत होते, तिच्यापासून त्यांना या पोरीनंच लांब ठेवलं होतं, आणि वरून ते तिला रोज विचारत होते, गेली का?

ते उठले. "ये, तू बस इथं."

"उंबरठ्यावरून मले दिसत नाई, मामाजी. मले जवळचं दिसते, लांबचं नाई." तिनं आपली खुर्ची पडद्यापाशी ओढली, मोबाईल बाजूला ठेवला, कीबोर्ड मागून घेतला. पंजाबराव उभेच राहिले. हात रिकामे झाले होते आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचेना.

"तुम्ही वाचा ना," सुचिता म्हणाली. "मजकूर वाचून दाखवा, मी टाइप करते. हिंमतरावांचं अक्षर तुम्हालेच लागते."

हे पंजाबरावांना पटलं. हिंमतरावांचं अक्षर खरंच कोंबडीच्या पायांचं होतं, आणि एकतीस वर्षांत असली अक्षरं लावायची विद्या त्यांच्याइतकी कुणाला साधली नव्हती. ते उंबरठ्यावरच्या खुर्चीत बसले, चष्मा नाकावर घेतला, वहीचं पान धरलं आणि खड्या आवाजात सुरुवात केली. निमंत्रक झाले, विनीत झाले, मामाकुळ झालं. त्यांचा आवाज हळूहळू मूळ पदावर आला. मध्येच ते सूचनाही करू लागले, "आत्याच्या यजमानाले जरा वर घे, मानी मानूस आहे." सुचिता वर घेत होती. मागं पुन्हा दोन-तीन माणसं कप घेऊन येऊन उभी राहिली. पंजाबरावांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. दुकानाचं काम चालू होतं, आणि ते त्यांच्या तोंडून चालू होतं.

शेवटी किलबिल आली. लेकरांची नावं हिंमतरावांनी जागा संपल्यामुळे पानाच्या कडेला उभी लिहिली होती. पंजाबरावांनी पान आडवं धरलं.

"प्रज्वल," ते म्हणाले. "पुष्पांजली."

आणि सहज मान वर करून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. किलबिल होती म्हणून सुचितानं ती ओळ ठळक आणि मोठी घेतली होती. बत्तीस इंचांवर, दहा फुटांवरून, चष्म्याच्या वरून त्यांना ती स्वच्छ वाचता आली. प्रज्वल, रुपाली, पुष्पांजली.

त्यांनी पानाकडे पाहिलं. प्रज्वल आणि पुष्पांजलीच्या मध्ये, कडेच्या घडीत, रुपाली होती. ती त्यांच्याकडून सुटली होती. मग त्यांनी सुचिताकडे पाहिलं. कीबोर्डला टेकवून तिनं मोबाईल उभा केला होता आणि त्यावर हिंमतरावांच्या पानाचा फोटो होता, मघाच्या गडबडीत केव्हा तरी काढलेला. तिची नजर त्या फोटोवर होती. ती त्यांच्या पुढंच एक-दोन नावं होती. त्यांच्या वाचण्याची तिला काही गरज नव्हती. पहिल्या नावापासून नव्हती.

"मामाजी?" ती मागं न वळता म्हणाली. "पुढचं सांगा ना."

पंजाबरावांनी घसा साफ केला, पान डोळ्यांच्या जरा जवळ धरलं, आणि मागं उभ्या असलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं नाव वाचलं.